बोक्याची लघवी पुन्हा पुन्हा अडते: औषधाने बरं होऊनही दुखणं परत का येतं?

आधी एक तातडीचं. तुमचा बोका आत्ता ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाहीये, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. त्याला टोपलीत घाला आणि उघडा असेल त्या जवळच्या दवाखान्यात निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ‘सकाळी बघू’ म्हणून थांबणं या एका दुखण्यात बोक्याच्या जिवावर बेततं.

बाकीचं लिहिलंय ते ज्यांचा बोका यातून एकदा-दोनदा उठलाय आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झालंय, त्यांच्यासाठी. आमच्या भुऱ्याला सव्वा वर्षात चार वेळा हे झालं. त्यातल्या एका वेळी तो पूर्ण तुंबला आणि तीन दिवस कॅथेटरवर, म्हणजे लघवीच्या नळीवर होता. दरवेळी इंजेक्शन, गोळ्या, आठवडाभरात बरं, आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चौथ्या वेळेनंतर आम्ही औषधाच्या पलीकडे बघायला लागलो. त्याला आता दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत त्याला एकदाच, तेही हलकंसं झालं. मधल्या काळात घरात काय काय बदललं, ते सगळं इथे मांडते.

तुंबलंय की नुसती जळजळ आहे?

मूत्राशयाला सूज आली की मांजर सारखं ट्रेकडे धावतं. आत चमचाभरच लघवी असली तरी त्याला जोरात लागल्यासारखं वाटतं. ते बसतं, थेंब-थेंब करतं, कधी त्यात रक्त दिसतं, उठून खालची बाजू चाटत बसतं, पुन्हा जातं. यात वेदना खूप असतात, पण लघवी बाहेर पडतेय तोवर लगेच जिवाला धोका नसतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना दाखवलं तरी चालतं, फक्त मधल्या वेळात लघवी होतेय ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. पूर्ण तुंबलं की मात्र घड्याळ सुरू होतं.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून फसायला होतं. आम्ही फरक ओळखायला शिकलो ते लिटरच्या, म्हणजे ट्रेमध्ये पसरतात त्या मातीच्या गोळ्यांवरून. गोळे धरणारं, म्हणजे बेंटोनाइट मातीचं लिटर वापरत असाल तर एका लघवीचा एक गोळा होतो. भुऱ्या बरा असतो तेव्हा दिवसाला दोन-तीन गोळे निघतात, एकेक मध्यम बटाट्याएवढा. दुखणं उठलं की पेढ्याएवढे आठ-दहा निघतात. आणि ज्या रात्री तो तुंबला, त्या रात्री ट्रेमध्ये एकही गोळा नव्हता. चारही कोपऱ्यांत नुसते खरवडल्याचे खड्डे होते आणि लिटर हाताला कोरडं लागत होतं. मी टॉर्च लावून दोनदा चाळून बघितलं. ते कोरडे खड्डे बघून निघालो म्हणून तो वाचला.

बद्धकोष्ठ समजण्याची चूकही फार जणांकडून होते. लघवी अडलेला बोका अगदी शी होत नसल्यासारखाच कुंथतो. पहिल्या वेळी आम्हालाही तसंच वाटलं. आईने सांगितलं म्हणून कोमट दुधातून तूप दिलं आणि वाट बघत बसलो. त्यात सहा तास गेले. तेव्हा त्याची थोडी थोडी होत होती म्हणून निभावलं. बोका कुंथताना दिसला की आधी लघवीचाच संशय घ्या.

तुंबलेल्या बोक्याच्या पोटाच्या खालच्या भागात, मागच्या पायांच्या जरा पुढे, लिंबापासून मोसंब्याएवढा टणक गोळा हाताला लागतो. हलक्या हाताने लागला तर ठीक, पण दाबून बघू नका आणि दाबून लघवी काढायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

हे बोक्यांनाच का होतं? मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. तिला जळजळ होते, रक्तही पडतं, पण ती सहसा तुंबत नाही. बोक्याचा मार्ग लांब आणि टोकाशी फारच चिंचोळा असतो. सुजेतून सुटलेला चिकट स्राव, मेलेल्या पेशी आणि बारीक स्फटिक यांचं तिथे बूच बसतं. कधी खडा अडकतो, कधी नुसते स्नायू आवळूनच वाट बंद होते. मागे लघवी साठत जाते, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तात पोटॅशियम चढतं, आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. सुरुवातीला ओरडणारा बोका मग गप्प पडून राहतो, ओकतो, त्याचं अंग गार पडतं. हे 24 ते 48 तासांत होऊ शकतं. म्हणून ओरडायचा थांबला म्हणजे बरं वाटतंय, असा अर्थ काढू नका.

गोळ्यांनी बरं झालं असं वाटतं, ते का?

पहिल्या तीनही वेळी भुऱ्याला अँटिबायोटिक मिळालं. दवाखान्याचं नाव घेण्यात मतलब नाही, कारण हे खूप ठिकाणी होतं. लघवीत रक्त दिसलं की इन्फेक्शन, आणि इन्फेक्शन म्हटलं की अँटिबायोटिक. पाच-सात दिवसांत बोका बरा झाला की आपणही समाधानी.

पण दहा वर्षांखालच्या मांजरांत या दुखण्यामागे जिवाणू फारच कमी वेळा सापडतात. काहींना खडे असतात, काहींच्या मार्गात बूच बसतं, आणि निम्म्याहून जास्त मांजरांत तपासून ना जिवाणू मिळतात ना खडा. नुसता मूत्राशयाचा दाह असतो. त्याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, म्हणजे कारण न सापडलेला दाह. हा दाह काहीही औषध न देता बहुतेक मांजरांत आठवडाभरात आपोआप उतरतो. गोळ्यांचा कोर्सही तेवढ्याच दिवसांचा असतो. श्रेय गोळ्यांना जातं आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं. हे मला चौथ्या वेळी नव्या डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून समजावलं: “ताई, इथे गोळी सुरू केली, इथे बरा झाला. गोळी दिली नसती तरी इथेच बरा झाला असता.” तीन वेळा आपण ज्याला उपचार समजत होतो तो उपचारच नव्हता, हे पचवायला मला वेळ लागला.

या विषयावर सगळ्यात मोलाचं काम अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात असताना पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी केलं. त्यांचं म्हणणं असं, की या मांजरांत बिघाड एकट्या मूत्राशयात नसतो. ताण आला की त्यांची मज्जासंस्था गरजेपेक्षा जास्त भडकते आणि तिला आवर घालणारी अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथींची यंत्रणा कमी पडते. मूत्राशयाच्या आतलं संरक्षक अस्तर विरळ होतं, लघवीतले क्षार थेट मज्जातंतूंना झोंबायला लागतात. 2006 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घरात पाळलेल्या अशा 46 मांजरांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या घरातली परिस्थिती बदलली आणि दहा महिने पाठपुरावा केला. लघवीचा त्रास बराच कमी झाला, शिवाय मांजरांचं घाबरणं आणि बुजणंही कमी झालं.

भुऱ्यावर बोळे फिरवत, गोळ्या कोंबत बसलेल्या मला ही माहिती पहिल्याच वेळी कुणी दिली असती तर किती बरं झालं असतं. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

डॉक्टरांकडे काय काय मागायचं

घरच्या बदलांकडे वळण्याआधी खडे आणि संसर्ग नाहीत ना, हे बघून घ्या. दुसऱ्यांदा त्रास झाला की पोटाचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्याच. मांजरांत मुख्यतः दोन प्रकारचे खडे होतात. स्ट्रुव्हाइटचे खडे खास युरिनरी डाएटने काही आठवड्यांत विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. त्यामुळे खडा दिसला की तो कुठला, हा प्रश्न विचारा. युरिनरी डाएट सुरू केलं तर सोबत बिस्किटं, सुकट, ताटातला मासा असलं काही द्यायचं नाही, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही.

लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘क्रिस्टल्स’ लिहून आलं तर घाबरू नका. निरोगी मांजराच्या लघवीतही स्फटिक असू शकतात, आणि नमुना तासन्‌तास फ्रिजमध्ये पडून राहिला तर बाटलीतच नवे तयार होतात. नमुना ताजा तपासला होता का, एवढं विचारा. कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून बघायची तपासणी करायची असेल तर लघवी सुईने थेट मूत्राशयातून काढलेली हवी. ट्रेमधल्या लघवीच्या कल्चरमध्ये ट्रेतलेच जिवाणू वाढतात.

तुमचं मांजर दहा वर्षांच्या पुढचं असेल तर वरचं गणित बदलतं. म्हाताऱ्या मांजरांत खरोखरचा संसर्ग, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह हे सगळं संभवतं. तिथे कल्चर आणि रक्ततपासणी टाळू नका.

भिंतीवरचं कालनिर्णय

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय असतं. दुधाचे खाडे त्यावरच लिहितो, गॅस कधी लावला तेही. भुऱ्याची दुखणीही मी त्यावर ‘भु. ल.’ अशी निळ्या पेनाने लिहून ठेवली होती. कशासाठी, तर डॉक्टरांनी विचारलं तर तारखा सांगता याव्यात म्हणून. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, “प्रत्येक वेळी त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात काय झालं होतं?” मी घरी येऊन मागची पानं उलटली.

पहिली ‘भु. ल.’ होती घराला रंग दिला त्या आठवड्यातली. पाच दिवस सगळं सामान हॉलच्या मधोमध, रंगाचा वास, अनोळखी माणसं. दुसरी दिवाळीतली, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची. तो तुंबला ती तिसरी, आणि त्याच्या दहा दिवस आधीच्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘ठमी आली’. ठमी म्हणजे आमची दुसरी मांजर, सोसायटीच्या जिन्यात भिजलेली सापडली होती. चौथ्याच्या आधी काहीच लिहिलेलं नव्हतं. बराच विचार केल्यावर आठवलं, की त्या दिवसांत खालच्या मजल्यावरचा एक मोठा बोका रोज आमच्या गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसायचा आणि भुऱ्या काचेच्या आतून गुरगुरायचा.

तुम्हीही हे करा. वही असो, कॅलेंडर असो, मोबाइल असो. दुखण्याची तारीख आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत घरात काय हललं, कोण आलं, कोण गेलं. पाहुणे, बाळ, नवं फर्निचर, बदललेलं लिटर, तुमची बदललेली शिफ्टसुद्धा. दोन-तीन नोंदी झाल्या की आपल्या मांजराला काय झेपत नाही, ते दिसायला लागतं.

पाणी: इथे सगळ्यात जास्त कष्ट घ्या

घरच्या मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातली रानमांजरं. उंदीर खाऊन, त्यातल्याच ओलाव्यावर भागवणारी. म्हणून मांजराला तहान उशिरा लागते आणि ते लघवी फार घट्ट करू शकतं. अशा प्राण्यापुढे आपण आयुष्यभर कोरडे दाणे ठेवतो. पाच किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण 250 मिली पाणी लागतं. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के. वेट फूडमध्ये 75 ते 80 टक्के, म्हणजे 85 ग्रॅमच्या एका पाऊचमधून 65 मिलीच्या आसपास पाणी आपोआप पोटात जातं. कोरडं खाणारं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं खरं, पण ती तूट पूर्ण भरून काढत नाही. 1999 सालच्या एका अभ्यासात या दाहाच्या मांजरांना एकाच प्रकारचं अन्न दोन रूपांत दिलं होतं. वर्षभरात डबाबंद ओलं खाणाऱ्यांपैकी 11 टक्के मांजरांना दुखणं परत झालं, कोरडं खाणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना.

भुऱ्या जन्मापासून कोरड्यावर वाढलेला. पाऊच ठेवला की वास घ्यायचा आणि जमीन खरवडून झाकायचा प्रयत्न करायचा. त्याला वळवायला आम्हाला सात आठवडे लागले. आधी त्याच्याच दाण्यांवर एक चमचा कोमट पाणी, मग दोन, मग दाणे भिजवून मऊ, मग त्यात नखाएवढं वेट फूड. कोमट हवं, फ्रिजमधलं थंड तो शिवायचाही नाही. कधीकधी मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता चिकन उकडलेलं पाणी वर घातलं. कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत, म्हणून रश्श्यातलं पाणी काढून देऊ नका. आणि ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर, विशेषतः गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून दुसरंच जीवघेणं दुखणं उभं राहतं.

रोज सगळं वेट फूड देणं आमच्याही खिशाला जड जातं. सकाळी भिजवलेले दाणे, रात्री पाऊच आणि त्यात वरून तीन-चार चमचे पाणी, यावर आम्ही स्थिरावलो. नुसतं उकडलेलं चिकन किंवा नुसते मासे मात्र कायमचं जेवण म्हणून देऊ नका, त्यातून कॅल्शियमसारख्या गोष्टी पुरेशा मिळत नाहीत. सुके बोंबील, जवळा तर नकोच, त्यात मीठ खूप असतं.

वाटीचंही बघा. भुऱ्या आपल्या स्टीलच्या वाटीतलं पाणी सोडून माठाच्या नळाखाली ठेवलेल्या भांड्यातलं प्यायचा. आम्ही त्याला हाकलत होतो. डॉक्टर म्हणाले, “अहो, त्याने सांगितलंय तुम्हाला काय आवडतं ते!” मग कुंभाराकडून मातीचे तीन पसरट परळ आणले. मिशा कडेला न घासता पिता येईल इतके रुंद. एक माठाखाली, एक खिडकीत, एक बेडरूममध्ये. जेवणाच्या वाटीपासून लांब, ट्रेपासून तर फारच लांब. पाणी रोज बदलायचं, परळ रोज घासायचे.

फरक पडतोय का, हे मोजता येतं. दवाखान्यात लघवीची घनता, म्हणजे ती पाण्याच्या तुलनेत किती घट्ट आहे ते बघतात. भुऱ्याची पहिली 1.056 होती, म्हणजे खूपच घट्ट. 1.035 च्या खाली आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन महिन्यांनी 1.032 आली. घरात तेच लिटरवरून कळलं: गोळे मोठे झाले, वास कमी झाला, लिटर लवकर संपायला लागलं.

ट्रे कुठे आहे, कसा आहे, आणि तिथवर जाताना कोण बसलंय

मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त ट्रे, असा नियम सांगतात. वन बीएचकेमध्ये तीन ट्रे कुठे ठेवायचे, असं माझंही झालं होतं. पण आमचा घोळ संख्येपेक्षा जागेचा होता. आमचा एकुलता ट्रे पॅसेजच्या टोकाला, वॉशिंग मशीनशेजारी. एकदा मी मुद्दाम खुर्ची टाकून संध्याकाळभर बघत बसले. भुऱ्या पॅसेजच्या तोंडाशी आला. ठमी तिथे पाय पोटाशी घेऊन बसली होती. ना फिसकारणं, ना पंजा. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो दोन मिनिटं उभा राहिला, वळला, सोफ्याखाली जाऊन बसला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मी इतके दिवस ‘दोघं छान राहतात, भांडत नाहीत’ असं सगळ्यांना सांगत होते, आणि इकडे तो लघवी दाबून धरत होता.

दुसऱ्या दिवशी ट्रे हलवला. एक बेडरूमच्या कोपऱ्यात, जिथून दोन बाजूंनी निघता येतं, एक गॅलरीत, पावसाचं पाणी येणार नाही अशा बाजूला. तिसरा बाथरूममध्ये. तीन ट्रे एकाच ठिकाणी ओळीने लावले तर मांजराच्या लेखी तो एकच, कारण वाट अडवणारी एकच जागा पुरते.

ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. बाजारातले बहुतेक लहान पडतात. आम्ही प्लास्टिकची मोठी, बसकी घमेली वापरतो. झाकण नको, सुगंधी लिटर नको. लॅव्हेंडरचा वास आपल्याला बरा वाटतो, त्याला नाही. दिवसातून दोनदा गोळे काढा. आणि ट्रे फिनेलने किंवा पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या जंतुनाशकाने धुऊ नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाहीत, पंजे चाटताना पोटात जातात. भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी पुरे.

धास्ती कमी करणं

भुऱ्याला कपाटावर जायला आम्ही एक स्टूल आणि वर जुनी गोधडी ठेवली. उंचावरून घर दिसलं की तो शांत असतो. ठमीच्या आणि त्याच्या वाट्या वेगळ्या खोल्यांत गेल्या. गॅलरीच्या काचेला खालच्या अर्ध्या भागात कागद चिकटवला, म्हणजे बाहेरचा बोका दिसेना. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं काठीला बांधलेलं पीस घेऊन पळवते आणि लगेच जेवायला देते. शिकार करून खाल्ल्यासारखं झालं की तो ताणून देतो. खेळण्याने वजनही उतरलं, सहा किलोंवरून पाच किलो तीनशेवर, हळूहळू, आठ महिन्यांत. लठ्ठ, घरातच राहणाऱ्या बोक्यांत हे दुखणं जास्त दिसतं.

गणपती आणि दिवाळीची तयारी आता आम्ही आधीपासून करतो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच बेडरूममध्ये ट्रे, पाणी, त्याची गोधडी, पडदे ओढलेले. आरतीच्या वेळी दार बंद, आत रेडिओ हळू आवाजात. बेडरूममध्ये कुणी जायचं नाही, हे पोराबाळांना सांगून ठेवलेलं. फार घाबरणाऱ्या मांजरांना फटाक्यांच्या दिवसांपुरतं औषधही देता येतं, पण ते डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचं.

पुन्हा उठलंच तर

लघवी होतेय, पण पेढ्याएवढी, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. या दुखण्यात सगळ्यात गरजेचं औषध वेदनाशामक असतं, आणि ते मांजरासाठीचंच हवं. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेसुद्धा मांजर दगावू शकतं. आपल्या घरातली कुठलीच दुखण्याची गोळी नको. मुतखड्याची आयुर्वेदिक सिरप, खाण्याचा सोडा, जवाचं पाणी, हे सल्ले मलाही पुष्कळ मिळाले, प्रेमानेच दिलेले. नारळपाणी तर हमखास सुचवलं जातं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात तेच आधी चढलेलं असतं. तोंडाने पाणी पाजून तुंबलेली वाट उघडत नाही, आत साठा मात्र वाढतो.

तुंबलं असेल तर दवाखान्यात भूल देऊन कॅथेटर घालतात, सलाईन लावतात, पोटॅशियम आणि ठोके बघतात. कॅथेटर काढल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात नाजूक, कारण पुन्हा तुंबण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. भुऱ्याला घरी आणल्यावर आठवडाभर आम्ही आळीपाळीने सुट्टी घेतली आणि प्रत्येक गोळा वेळेसकट लिहिला.

एवढं सगळं करूनही बोका वारंवार तुंबतच असेल, तर मार्गाचा चिंचोळा भाग काढून तोंड रुंद करायची शस्त्रक्रिया असते. ती कधीकधी जीव वाचवते. पण त्याने दाह थांबत नाही, तुंबणं कमी होतं, आणि पुढे संसर्गाची शक्यता वाढते म्हणून लघवी अधूनमधून तपासत राहावी लागते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

टोपलीबद्दल राहिलं. पूर्वी ती माळ्यावर असायची आणि खाली काढल्याचा आवाज झाला की भुऱ्या पलंगाखाली. तुंबला त्या रात्री त्याला बाहेर काढण्यात वीस मिनिटं गेली. आता ती हॉलच्या कोपऱ्यात दार काढून ठेवलेली असते, आत माझी जुनी सुती साडी घडी करून. वरच्या कप्प्यात त्याची फाइल: वजन, मागच्या तपासण्या, भुलेला कसा राहिला, रात्री उघड्या असणाऱ्या दोन दवाखान्यांचे पत्ते. दार बाजूलाच टांगलेलं आहे, दोन खटक्यांत बसतं. दुपारी तो तिथेच झोपतो.